सैनिकाची रायफल, हरणाची गोळी

अमेरिकेतल्या बातम्यांमुळे ती काळी रायफल आता आपल्यालाही ओळखू येते. प्लॅस्टिकचा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, पोटाखाली वाकडं मॅगझिन. नाव एआर-१५. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी सैनिकांच्या हाती असलेल्या एम-१६ ची ही सख्खी बहीण. एम-१६ चाप दाबून धरला की गोळ्या ओकत राहते. हिच्यातून चापाच्या दर ओढीला एकच गोळी सुटते. नोव्हेंबर उजाडला की मिशिगनपासून टेक्सासपर्यंत लाखो माणसं नारिंगी जाकिटं घालून हरणाच्या शिकारीला निघतात, आणि त्यांतल्या अनेकांच्या खांद्याला हीच रायफल असते.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून हरणाची शिकार म्हणजे थेट तुरुंगाचा रस्ता. त्यामुळे हे दृश्य आपल्याला खुपतं. त्यात पुन्हा लढाईतली बंदूक! एवढ्याशा जनावराला एवढी ताकद कशाला, असं कुणालाही वाटेल. पण अमेरिकेतल्या राज्यांचे शिकारीचे नियम उघडून पाहिले, तर तिथली तक्रार नेमकी उलटी निघते. कोलोरॅडो, व्हर्जिनिया, वॉशिंग्टन या राज्यांत या रायफलीच्या नेहमीच्या काडतुसानं हरीण मारायला बंदी आहे. ते हरणासाठी दुबळं ठरतं, म्हणून!

जे काडतूस जगातल्या मोठ्या सैन्यांना पुरतं, ते सत्तर-ऐंशी किलोच्या हरणाला अपुरं कसं पडेल? लष्करी घाटाची रायफल शिकारीसाठी कशी निवडतात, हे समजायचं तर आधी हे कोडं सोडवावं लागतं.

काडतुसाच्या पोटात

बंदुकीच्या दुकानात गिऱ्हाइकाचं लक्ष रायफलीकडे असतं, पण हरणापर्यंत रायफल पोहोचत नाही. पोहोचते ती गोळी. म्हणून सुरुवात काडतुसापासून. काडतुसाचे चार भाग: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढला की टोपीवर ठोका बसतो, दारू पेटते, तिचा वायू होतो आणि तो गोळीला नळीतून ढकलतो. पुंगळी मागे राहते.

एआर-१५ चं मूळ काडतूस म्हणजे .२२३ रेमिंग्टन. त्याचाच लष्करी जुळा भाऊ ५.५६ मिलिमीटर. त्याची नेहमीची गोळी जेमतेम साडेतीन ग्रॅमची, पण नळीतून निघताना तिचा वेग सेकंदाला ९८० मीटरच्या आसपास, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या जवळजवळ तिप्पट. शिकाऱ्यांचं जुनं आवडतं .३०८ विंचेस्टर घेतलं तर गोळी पावणेदहा ग्रॅमची आणि वेग ८६० मीटर. वेग थोडा कमी, वजन मात्र पावणेतीन पट. शाळेतल्या गतिज ऊर्जेच्या सूत्रात हे आकडे घातले तर पहिल्या गोळीची ऊर्जा येते साधारण १,७५० ज्यूल, दुसरीची ३,६००. म्हणजे दुपटीहून जास्त.

शिवाय हलकी गोळी हवेत लवकर दमते. शंभर यार्डांवर .२२३ च्या नेहमीच्या गोळीत १,२५० ज्यूलच्या आसपास ऊर्जा उरते. कोलोरॅडोचा नियम म्हणतो, हरणासाठी शंभर यार्डांवर किमान १,००० फूट-पौंड, म्हणजे सुमारे १,३५५ ज्यूल हवेत. गोळीचा व्यास किमान पाव इंचाच्या जवळ, .२४ इंच, आणि वजन किमान ७० ग्रेन, म्हणजे साडेचार ग्रॅम. आपली .२२३ तिन्ही परीक्षांत नापास होते.

सैन्यानं मग हे हलकं काडतूस का पत्करलं?

कारण सैनिकाची गरज वेगळी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैनिक .३०-०६ हे दणकट काडतूस वापरत. त्यानंतर आलेलं ७.६२ मिलिमीटरचं काडतूस थोडं आखूड, पण ताकद जवळपास तीच. .३०८ विंचेस्टर हे त्याचंच नागरी रूप. या काडतुसाची एम-१४ रायफल चाप दाबून धरून चालवली की नळी आभाळाकडे उसळायची. यूजीन स्टोनर या अभियंत्यानं आर्मालाइट कंपनीत आधी ७.६२ ची एआर-१० बनवली, मग तीच लहान करून एआर-१५ तयार झाली. ‘एआर’ म्हणजे आर्मालाइट रायफल. १९५९ मध्ये कंपनीनं हिचे हक्क कोल्टला विकले आणि साठच्या दशकात ती एम-१६ म्हणून सैन्यात शिरली.

हिशेब सोपा होता. ७.६२ चं एक काडतूस सुमारे २४ ग्रॅमचं, ५.५६ चं १२ ग्रॅमचं. त्याच ओझ्यात दुप्पट गोळ्या. धक्का इतका कमी, की नवशिक्याचाही नेम फारसा हलत नाही. लढाईत बहुतेक गोळ्या समोरच्याला डोकं वर काढू न देण्यासाठीच झाडल्या जातात, आणि जखमी सैनिक लढाईतून बाद झाला तरी काम झालं. हरणाच्या बाबतीत जखमी करून सोडणं यासारखं दुसरं पाप नाही.

आपल्या सैन्यातही हा वाद झाला. नव्वदच्या दशकात ५.५६ ची इन्सास रायफल आली. जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावच्या आयुध कारखान्यात या काडतुसांचं उत्पादन होतं. पुढे एका गोळीत माणूस थांबत नाही अशी कुरबुर वाढली आणि २०१९ मध्ये भारतानं ७.६२ च्या ७२,४०० सिग-७१६ रायफलींचा करार केला. सिग-७१६ चा आराखडा पाहिला तर तो स्टोनरच्या थोरल्या एआर-१० च्या घराण्यातला.

डमडमची उलटी गोष्ट

आता गोळीच्या बनावटीकडे वळू, कारण खरी गंमत तिथे आहे. लष्करी गोळीचा गाभा शिशाचा आणि त्यावर टोकापर्यंत तांब्याच्या मिश्रधातूचं अखंड कवच असतं. अशी गोळी शरीरात शिरली तरी सहसा फुलत नाही.

१८९५ च्या चित्रळ मोहिमेत वायव्य सरहद्दीवर ब्रिटिशांना याचा अनुभव आला. .३०३ ची कवचबंद गोळी लागूनही टोळीवाले धावत येतच राहिले. मग कोलकात्याजवळच्या डमडमच्या शस्त्रागारात कॅप्टन बर्टी-क्ले यानं गोळीच्या टोकाचं कवच उघडं ठेवलं. मऊ शिसं शरीरात शिरताच पसरू लागलं आणि जखम भयंकर होऊ लागली. युरोपात ओरड झाली. १८९९ च्या हेग परिषदेत शरीरात पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत असा जाहीरनामा झाला. ब्रिटन आणि अमेरिका दोघांनीही त्याला विरोध केला होता. ब्रिटननं १९०७ मध्ये तो मान्य केला. आज डमडम म्हटलं की आपल्याला विमानतळ आठवतो, पण शस्त्रांच्या जगात ते गाव या गोळीमुळे नोंदलं गेलं.

शिकारीच्या कायद्यानं मात्र याच्या बरोब्बर उलटा नियम केला. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हरणासाठी पसरणारी गोळीच वापरावी लागते; लष्करी कवचबंद गोळी वापरली तर दंड होतो. युद्धात जी क्रूर म्हणून निषिद्ध, ती रानात सक्तीची. यात विसंगती वाटते, पण हेतू पाहिला की ती विरते. युद्धाच्या कायद्याला शत्रू निकामी झालेला पुरे. त्यापलीकडची वेदना त्याला नको. शिकारीच्या कायद्याला जनावर लवकरात लवकर मेलेलं हवं, कारण रेंगाळलेला प्रत्येक क्षण म्हणजेच वेदना. म्हणून लष्करी रायफल घेऊन हरणामागे जाणाऱ्यानं पहिली गोष्ट करायची, ती म्हणजे स्वस्तातली लष्करी काडतुसं घरी ठेवायची.

हरणाच्या छातीत काय घडतं

सिनेमात गोळी लागली की जनावर जागीच कोसळतं. प्रत्यक्षात मेंदूला किंवा मणक्याला धक्का बसला तरच तसं होतं. शिकारी नेम धरतो तो पुढच्या पायाच्या मागे, हृदय आणि फुप्फुसं असतात तिथे. साधारण वीस सेंटिमीटर व्यासाची ही जागा. गोळी तिथून आरपार गेली की रक्तदाब कोसळतो, मेंदूचा प्राणवायू तुटतो आणि काही सेकंदांत जनावर शुद्ध हरपतं. पण तेवढ्या सेकंदांत पांढऱ्या शेपटीचं हरीण शंभर मीटर सहज पळतं. म्हणूनच दोन भोकं हवीत, एक आत जाण्याचं आणि एक बाहेर पडण्याचं. बाहेरच्या भोकातून रक्त सांडतं आणि त्या मागावरून शिकारी जनावरापर्यंत पोहोचतो.

यासाठी गोळीनं दोन परस्परविरोधी कामं करायची असतात. तिनं पसरायचं, म्हणजे वाट रुंद होते. आणि एकसंध राहायचं, म्हणजे वाट लांब होते. फार पसरली तर वरवर थांबते, अजिबात पसरली नाही तर बारीक भोक पाडून निघून जाते. जॉन नॉस्लर या शिकाऱ्यानं १९४० च्या दशकात गोळीच्या मधोमध तांब्याचा पडदा ठेवून यावर तोडगा काढला: पुढचा अर्धा भाग पसरतो, मागचा अर्धा तसाच घुसत राहतो. शिसं कवचाला चिकटवून टाकणं, अख्खी गोळीच तांब्याची बनवणं, हे उपाय नंतर आले.

.२२३ चा प्रश्न इथे अधिक बिकट होतो. या काडतुसाच्या दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच गोळ्या कोयोटी आणि प्रेअरी डॉग यांसारख्या लहान प्राण्यांसाठी असतात आणि लागताच फुटून चुरा होण्यासाठीच त्या बनवलेल्या असतात. ही गोळी हरणाच्या खांद्यावर बसली तर बाहेर हाताएवढी जखम होते आणि आत फुप्फुसापर्यंत काहीच पोहोचत नाही. जनावर पळून जातं आणि कित्येक दिवस मरत राहतं. टेक्सासमध्ये .२२३ नं हरीण मारायला परवानगी आहे आणि तिथे दरवर्षी अशी अनेक हरणं मारली जातात. पण तिथली हरणं उत्तरेकडच्या हरणांपेक्षा अंगानं लहान असतात, आणि जाणते शिकारी साठ ग्रेनहून जड, शिसं कवचाला चिकटवलेली किंवा तांब्याची गोळी घेतात, तिरका बार टाळतात, लांबचा बार घेत नाहीत. हे सगळं पाळणाऱ्याच्या हाती .२२३ चालते. नवशिक्याला ती देऊ नये, असं मला वाटतं. धक्का कमी म्हणून घरातल्या पोरासोरांच्या हाती नेमकी तीच दिली जाते, ही त्यातली खरी अडचण.

चौकट: एआर घराण्यातली हरणाची काडतुसं
(ऊर्जा नळीच्या तोंडाशी, नेहमीच्या गोळीसाठी, अंदाजे)

.२२३ रेमिंग्टन: ३.६ ग्रॅम, १,७५० ज्यूल. काही राज्यांत हरणासाठी मनाई.
.३०० ब्लॅकआउट: ८.१ ग्रॅम, १,८५० ज्यूल. जवळच्या बारासाठी.
६.५ ग्रेंडेल: ८ ग्रॅम, २,४५० ज्यूल. लांबवर वेग टिकवणारी गोळी.
.३५० लेजेंड: ९.७ ग्रॅम, २,४५० ज्यूल. सरळ पुंगळीची.
.४५० बुशमास्टर: १६ ग्रॅम, ३,६०० ज्यूल. सरळ पुंगळीची, धक्का जबर.
.३०८ विंचेस्टर: ९.७ ग्रॅम, ३,६०० ज्यूल. यासाठी थोरली एआर-१० लागते.

तुलनेसाठी, १८९५ पासून अमेरिकेच्या जंगलात हरणांवर चालत आलेलं .३०-३०: ११ ग्रॅम, २,४५० ज्यूल.

दोन पिना आणि नवी रायफल

चौकटीतली पहिली पाच काडतुसं एकाच रायफलीत कशी बसतात? स्टोनरच्या आराखड्याचं हेच वैशिष्ट्य. एआर-१५ चे दोन भाग असतात. खालच्या भागात चाप, मूठ आणि मॅगझिनची खोबण. वरच्या भागात नळी आणि तिचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट. दोन पिना ढकलल्या की दोन्ही सुटे होतात. अमेरिकी कायद्याच्या दृष्टीनं ‘बंदूक’ म्हणजे फक्त खालचा, अनुक्रमांक कोरलेला भाग. वरचा भाग सुटा माल म्हणून विकला जातो. त्यामुळे एकदा खालचा भाग घेतला की सप्टेंबरात .२२३ च्या नळीनं कोयोटी मारायची आणि नोव्हेंबरात दुसरी नळी चढवून हरीण.

मर्यादा एकच, मॅगझिनची खोबण. तिच्यात ५७ मिलिमीटरपेक्षा लांब काडतूस मावत नाही. म्हणून गेल्या वीसेक वर्षांत काडतूस बनवणाऱ्यांनी सगळी कसरत या ५७ मिलिमीटरच्या आत केली आहे. लांबी वाढवता येत नाही, मग जाडी वाढवा, पुंगळी आखूड करून गोळी जड करा. .३०० ब्लॅकआउट म्हणजे .२२३ चीच पुंगळी कापून तिच्या तोंडात ७.८ मिलिमीटरची गोळी बसवलेली. बोल्ट तोच, मॅगझिनही तेच.

हीच सोय जिवावरही बेतते. .३०० ब्लॅकआउटचं काडतूस चुकून .२२३ च्या रायफलीत शिरलं आणि बोल्ट बंद झाला, तर जाड गोळी बारीक नळीत अडकते, दाब मागे फुटतो आणि रायफल हातात उडते. ज्यांच्या घरी दोन्ही आहेत ते मॅगझिनवर वेगवेगळ्या रंगाच्या पट्ट्या चिकटवतात. दुसरा सापळा खोक्यावरच्या बारीक अक्षरांत असतो. .३०० ब्लॅकआउटची काही काडतुसं आवाजाच्या वेगापेक्षा हळू जाणारी, सायलेन्सरसाठी बनवलेली असतात. त्यांची गोळी चौदा ग्रॅमची, पण ऊर्जा सातशे ज्यूलच्या आतबाहेर. नाव तेच, रायफल तीच, आणि हरणासाठी बहुधा निरुपयोगी.

नळीतले आटे

रायफलीच्या नळीत आतून पीळ दिलेल्या खाचा असतात. या आट्यांमुळे गोळी फिरत बाहेर पडते, आणि फिरणारा भोवरा जसा आरीवर तोल सांभाळतो तशी ती हवेत टोक पुढे ठेवून जाते. .२२३ ची गोळी सेकंदाला चार हजारांहून जास्त गिरक्या घेते. बुटक्या भोवऱ्याला कमी पीळ पुरतो, उंच भोवऱ्याला जास्त लागतो. तसंच गोळी जितकी लांब, तितकी ती जास्त वेगानं फिरवावी लागते.

पहिल्या एम-१६ च्या नळीत बारा इंचांत एक फेरा पूर्ण होई. तिची गोळी हलकी आणि आखूड होती. ऐंशीच्या दशकातल्या एम-१६ए२ मध्ये गोळी लांबली आणि आटे सात इंचांत एक फेरा इतके घट्ट झाले. आजच्या नागरी रायफली बहुधा सात, आठ किंवा नऊ इंचांच्या असतात आणि हा आकडा नळीवरच कोरलेला असतो. जुनी, बारा इंचांची नळी घेऊन त्यात हरणासाठी म्हणून जड गोळी घातली, तर गोळी हवेतच कलंडते आणि लक्ष्यावरच्या कागदात आडवं, कुलपाच्या भोकासारखं छिद्र पाडते. जनावरावर तिचा नेम कुठे लागेल ते सांगता येत नाही. विकत घेताना हा आकडा वाचणारा माणूस मला मूठ आणि दस्ता न्याहाळणाऱ्यापेक्षा जास्त जाणता वाटतो.

राज्य ओलांडलं की रायफल बदलते

ओहायो, आयोवा, इंडियाना ही बहुतांशी सपाट, शेतांची राज्यं. ताकदवान रायफलीची चुकलेली गोळी तिथे काही किलोमीटर जाऊन कुणाच्या अंगणात पडू शकते. म्हणून अशा भागांत हरणासाठी रायफल चालतच नव्हती. बारा बोअरच्या बंदुकीतून एकच जड गोळा मारायचा. पुढे राज्यांनी ‘सरळ पुंगळी’च्या रायफलींना मुभा दिली, ओहायोनं २०१४ मध्ये. पुंगळीचं तोंड बाटलीसारखं निमुळतं असेल तर मोठ्या पोटातली दारू बारीक गोळीला ढकलते आणि ती दूर जाते. सरळ पुंगळीत ते जमत नाही; गोळी जाड, बोथट, आणि लवकर खाली पडणारी. २०१९ मध्ये आलेलं .३५० लेजेंड हे काडतूस या नियमांसाठीच बेतलेलं आहे.

परिणाम मजेशीर झाला. ओहायोत .३५० लेजेंडची एआर-१५, दिसायला अगदी लष्करी, हरणासाठी चालते. आजोबांची अक्रोडाच्या लाकडाची, सुबक .३०-०६ रायफल चालत नाही. पण ओहायोत मॅगझिन आणि नळी मिळून तीनच काडतुसं भरता येतात. कोलोरॅडोत अशा रायफलीत सहा. तीस गोळ्यांचं मॅगझिन हरणामागे जाताना बहुतेक ठिकाणी घरीच राहतं आणि शिकारी पाच गोळ्यांचं आखूड मॅगझिन लावतो.

पेनसिल्व्हेनियाचा खाक्या निराळा. तिथे हरणासाठी आपोआप पुढचं काडतूस चढवणारी रायफलच नको. २०१७ मध्ये लहान प्राण्यांसाठी परवानगी मिळाली, हरणासाठी नाही. पण पुढचा लाकडी भाग मागे-पुढे सरकवून काडतूस चढवायची रेमिंग्टनची पंप रायफल तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालते, आणि सरावलेला माणूस ती इतकी झपाट्यानं चालवतो की तिचं लाडाचं नाव ‘अमिश मशीनगन’ पडलं आहे. आधुनिक यंत्रं टाळणाऱ्या अमिश पंथीयांवरून केलेला हा विनोद.

मचाणावर बसल्यावर

कागदावरच्या आकड्यांनंतर हाताचा अनुभव. पूर्वेकडच्या जंगलात शिकारी झाडाला टेकवलेल्या छोट्या मचाणावर तासन्‌तास गोठत बसतो आणि बहुतेक बार शंभर मीटरच्या आतले असतात. तिथे एआरचे काही गुण खरोखर उपयोगी पडतात. सरकता दस्ता जाड कोटावर आखूड करता येतो, त्यामुळे तीच रायफल बापाच्या आणि बारा वर्षांच्या मुलीच्याही खांद्याला बसते. बार झाल्यावर काडतूस आपोआप चढतं, म्हणजे हात न हलवता दुसरा बार तयार.

दोष मात्र जाहिरातीत येत नाहीत. लष्करी बोल्ट खण्णकन आपटून बंद व्हावा असाच बनवलेला आहे. पहाटेच्या शांततेत तो आवाज हरणाला दोनशे मीटरवर ऐकू जातो. हळूच सोडला तर पुरता मिटत नाही आणि बाजूचं बटण अंगठ्यानं दाबून तो पुढे ढकलावा लागतो. दस्ता सरळ नळीच्या रेषेत असल्यानं दुर्बीण नळीपासून साडेसहा सेंटिमीटर उंच बसते. दुर्बिणीतून वाट मोकळी दिसते आणि गोळी खालच्या फांदीवर आदळते. साध्या लष्करी चापाला तीन किलोच्या आसपास जोर लागतो. तो ओढताना नेम सरकतो, म्हणून बरेच शिकारी आधी चापच बदलून घेतात. आणि .३०८ ची एआर-१० घेतली तर दुर्बिणीसह वजन पाच किलोकडे झुकतं. डोंगर चढणाऱ्याला ते नको होतं.

दिसण्यावरून झालेली भांडणं

लष्करी रायफल रानात येणं अमेरिकेत नवं नाही. थिओडोर रूझवेल्ट १९०९ मध्ये आफ्रिकेत गेले ते सैन्याची १९०३ ची स्प्रिंगफिल्ड शिकारीसाठी घडवून घेऊनच. महायुद्धांनंतर सैन्यातून निवृत्त झालेल्या रायफली लाखोंनी हरणांमागे गेल्या. उलटंही घडलं: १९६२ मध्ये शिकाऱ्यांसाठी आलेली रेमिंग्टन ७०० चार वर्षांत मरीन सैनिकांची एम-४० ही नेमबाजीची रायफल झाली.

तरी एआरवरून जेवढी कडवट भांडणं झाली तेवढी आधी कशावरूनही झाली नाहीत. २००७ मध्ये जिम झुंबो या नामवंत शिकारलेखकानं, शिकाऱ्यांनी असल्या दहशतवाद्यांच्या रायफली रानात आणू नयेत अशा अर्थाचं लिहिलं. काही दिवसांत त्यांचा स्तंभ गेला, दूरचित्रवाणीवरचा कार्यक्रम गेला, प्रायोजक गेले. २००८ मध्ये रेमिंग्टननं हिरव्या-तपकिरी नक्षीच्या एआर खास शिकाऱ्यांसाठी बाजारात आणल्या. कॅलिफोर्नियात मात्र २००० पासून कायदा बाह्यरूपही पाहतो: मूठ कशी, दस्ता सरकता की स्थिर. तिथला शिकारी विचित्र, पंखासारख्या मुठीची एआर वापरतो ती त्यामुळे. आणि मे २०२२ मध्ये टेक्सासमधल्या युव्हाल्डी इथल्या शाळेत एका अठरा वर्षांच्या मुलानं एआर घाटाच्या रायफलीनं १९ मुलं आणि २ शिक्षिकांचा जीव घेतला. युव्हाल्डीचा परिसर हरणांच्या शिकारीसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या दुकानात हरणासाठी रायफल पाहणाऱ्या माणसाला ही दोन्ही सत्यं एकाच फळीवर दिसतात, आणि माझ्या मते अशा रायफली कुणाला, कोणत्या वयात विकाव्यात हा प्रश्न काडतुसाच्या कोणत्याही तक्त्यातून सुटणारा नाही.

तांब्याची पाळी

शेवटची भर कॅलिफोर्नियानंच घातली. शिशाची गोळी जनावराच्या अंगात फुटते तेव्हा तिचे बारीक कण मांसात विखुरतात. शिकाऱ्यानं रानात टाकून दिलेली आतडी गिधाडं खातात. कॅलिफोर्निया कॉन्डोर हे अतिदुर्मिळ गिधाड अशा शिशानं मरत होतं. आपल्याकडे डायक्लोफिनॅकनं गिधाडं गेली, त्याच जातीचा हा प्रकार. १ जुलै २०१९ पासून त्या राज्यात कोणत्याही शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद झाल्या. आता गोळी तांब्याची.

तांब्याची गोळी पाकळ्या उमलाव्यात तशी उघडते, तुटत नाही, खोल जाते, हलक्या .२२३ ला तर ती वरदानच. पण तांबं शिशापेक्षा हलकं. शिशाची घनता घनसेंटिमीटरला ११.३ ग्रॅम, तांब्याची जेमतेम ९. तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, आणि लांब गोळीला घट्ट आटे लागतात. त्यामुळे वडिलांच्या काळातली बारा इंची नळी असलेला कॅलिफोर्नियातला शिकारी आता दोनच गोष्टी करू शकतो: खूप हलकी तांब्याची गोळी घ्यायची, किंवा दोन पिना ढकलून वरचा भागच बदलायचा.